अग्रितुरिझ्मो आणि कासा व्हाकांत्से: घर तेच, मालक वेगळा

इटलीतल्या सिएनाहून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात तो देखावा सुरू होतो, ज्याचे फोटो बघून आपण तिकिटं काढलेली असतात. गव्हाच्या टेकड्या, एका टेकडीवर दगडी घर, घराकडे जाणारी पांढरी कच्ची वाट आणि वाटेच्या कडेला सायप्रसची उंच झाडं. हे व्हाल दोर्चाचं खोरं, २००४ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. आता त्या घराच्या फाटकावरची पाटी वाचा. एका घरावर लिहिलेलं असतं ‘अग्रितुरिझ्मो’, म्हणजे शेतकऱ्याने चालवलेला शेतावरचा मुक्काम, तर पुढच्या टेकडीवरच्या हुबेहूब तशाच घरावर ‘कासा व्हाकांत्से’, म्हणजे सुट्टीत भाड्याने मिळणारं घर. दोन्हीकडे आठवड्याच्या बोलीवर अपार्टमेंट मिळतं, दोन्हीकडे स्वयंपाकघर असतं, पोहायचा तलावही बहुधा दोन्हीकडे असतो.

आपल्याकडे हे दोन शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. ‘आम्ही फार्मस्टे घेतलाय’ असं सांगणाऱ्याने नेमकं काय घेतलंय हे बरेचदा त्यालाच ठाऊक नसतं. मीही पहिल्या खेपेला असाच गेलो. शेतावरचं घर म्हणजे संध्याकाळी गरम जेवण मिळणारच, अशी मनाशी खूणगाठ. पोहोचलो रविवारी संध्याकाळी. घराच्या मालकीणबाईंनी चावी दिली, गॅसचा कॉक दाखवला, वायफायचा पासवर्ड लिहिलेला कागद हातात ठेवला आणि गाडीत बसून त्या फ्लोरेन्सला आपल्या घरी निघून गेल्या. गावातलं वाण्याचं दुकान बंद. त्या रात्री आम्ही विमानातून उरलेली बिस्किटं आणि लाडू खाल्ले. चूक त्यांची अजिबात नव्हती. आम्ही कासा व्हाकांत्से घेतलं होतं आणि अपेक्षा अग्रितुरिझ्मोची ठेवली होती.

कासा व्हाकांत्से म्हणजे शब्दशः सुट्टीचं घर. मालक कुणीही असू शकतो: मिलानचा वकील, निवृत्त जर्मन जोडपं, दहा घरं चालवणारी एखादी कंपनी. घराभोवती ऑलिव्हची झाडं असतील, पण ती शोभेची. नाहीतर शेजारच्या शेतकऱ्याला कसायला दिलेली.

अग्रितुरिझ्मो हा मात्र नुसता वर्णनाचा शब्द नाही, तो कायद्याने बांधलेला आहे. पहिला राष्ट्रीय कायदा १९८५ चा, सध्याचा २००६ चा, आणि त्याखाली प्रत्येक प्रांताचे आपले नियम. शेती हा ज्याचा व्यवसाय आहे त्यालाच अग्रितुरिझ्मो चालवता येतो आणि पाहुण्यांचं काम हे शेतीच्या कामापेक्षा मोठं होता कामा नये. हे मोजतात कसं? तर मुख्यतः कामाच्या वेळेवर. वर्षभरात शेतात किती वेळ गेला आणि पाहुण्यांसाठी किती, याचा हिशेब. पाहुणे दहा किंवा त्याहून कमी असतील तर शेतीच मोठी असं कायदा आपणहून धरून चालतो. आणखी एक अट मला फार आवडते: पाहुण्यांसाठी वापरायच्या त्या शेतावर आधीपासून उभ्या असलेल्याच इमारती. म्हणजे पाहुण्यांचा पैसा दिसला म्हणून शेतात नवं रिसॉर्ट उभारायची सोय नाही. ज्याच्याकडे शेती नाही त्याला पाटीवर हा शब्द लिहिताही येत नाही.

मग दोन्ही घरं इतकी सारखी का दिसतात? कारण ती मुळात एकाच जातीची घरं आहेत. तोस्काना, उंब्रिया, मार्के या मध्य इटलीच्या भागात शतकानुशतकं ‘मेद्झाद्रिया’ नावाची पद्धत होती. जमीनदाराने जमीन आणि राहायला घर द्यायचं, कुटुंबाने राबायचं आणि पीक निम्मं-निम्मं. आपल्याकडच्या अर्धेलीची आठवण व्हावी अशीच. तिथे मात्र घर आणि जमीन मिळून एकच घटक मानला जाई, त्याला ‘पोदेरे’ म्हणत. म्हणून ही घरं गावात गोळा न होता एकेका टेकडीवर सुटी-सुटी उभी आहेत. ज्याला आपण निवांतपणा म्हणून पैसे मोजतो, तो मुळात जमीनदारीचा नकाशा आहे. खालच्या मजल्यावर बैलांचा गोठा, वरच्या मजल्यावर माणसं. कमानीचं छत असलेली, ‘रोमँटिक’ म्हणून जाहिरात केलेली तळमजल्याची खोली घेतलीत, तर बहुधा तुम्ही गोठ्यात झोपलेले असता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबं कारखान्यांच्या ओढीने शहरांकडे गेली. १९६४ च्या कायद्याने मेद्झाद्रियाचे नवे करार बंद केले आणि हजारो घरं ओस पडली. काही परदेशी लोकांनी घेतली. तोस्कानातल्या क्यांती भागात इतके इंग्रज आले की इंग्लंडातल्या परगण्यांच्या नावांच्या धर्तीवर त्याला गमतीने ‘क्यांतीशायर’ म्हणू लागले. काही घरं शहरी इटालियनांनी दुरुस्त करून सुट्टीसाठी ठेवली. आणि जिथे शेतकरी टिकला तिथे गोठ्याच्या, गवताच्या कोठाराच्या खोल्या झाल्या, कारण नुसत्या गव्हा-ऑलिव्हवर भागेना. पहिल्या दोन वाटा कासा व्हाकांत्सेकडे गेल्या, तिसरी अग्रितुरिझ्मोकडे.

मालक शेतकरी आहे की नाही, यावर पाहुण्याचे दिवस कसे जातील ते बरंच ठरतं. सगळ्यात जास्त फरक जेवणात. अग्रितुरिझ्मोला जेवण देण्याची मुभा असते, पण वाढायचं ते प्रामुख्याने स्वतःच्या आणि आसपासच्या शेतांतलं. म्हणून तिथे मेनूकार्ड सहसा नसतं, ताट ठरलेलं. आठ वाजता सगळे एकत्र बसणार, आणि सकाळीच सांगून ठेवावं लागतं. पण सगळेच अग्रितुरिझ्मो जेवण देत नाहीत! कित्येक नुसतं राहायला देतात, काही आठवड्यातून एक-दोनदाच जेवू घालतात. पाटी पाहून जेवण गृहीत धरलंत तर तुमच्याही वाट्याला बिस्किटं.

शाकाहारी माणसाची मात्र तोस्कानात उपासमार होत नाही. शिळा पाव, काळपट पानकोबी आणि पांढरे घेवडे यांची ‘रिबोल्लिता’, टोमॅटो-पावाची ‘पाप्पा अल पोमोदोरो’, लसणीच्या सॉसमधल्या हाताने वळलेल्या जाड शेवया म्हणजे ‘पीची’. शिळ्या भाकरीचा कुस्करा करणाऱ्या घरातल्या माणसाला हे जेवण परकं वाटू नये. तिथला पाव अळणी असतो, ती चूक समजू नका. काटेकोर शाकाहारी असाल तर चीजकडे लक्ष द्या. पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटनेच लावतात, तसा नियमच आहे. ‘काल्यो व्हेजेताले?’ एवढे दोन शब्द पाठ करून जा, म्हणजे वनस्पतीच्या विरजणाचं चीज मागता येईल.

दुसरा फरक माणसांचा. कासा व्हाकांत्सेत मालक चावी देताना आणि घेताना भेटतो, कधी तेवढाही नाही, दाराशी आकड्यांचं कुलूप लावलेली चावीची पेटी असते. ज्यांना खरोखर एकटं राहायचंय त्यांना हेच बरं. अग्रितुरिझ्मोत मालकाचं कुटुंब बहुधा त्याच आवारात राहतं. सप्टेंबरात द्राक्षं काढायची असतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्ह, आणि ट्रॅक्टर तुमच्या झोपेसाठी थांबत नाही. यावरून नाराज होणारी परीक्षणं वाचली की मला हसू येतं. शेतावर राहायला गेलात, मग शेत चालू असणारच. पण हुरडा पार्टी, बैलगाडीची फेरी, संध्याकाळी भारूड असा आपल्या कृषी पर्यटन केंद्रांसारखा भरगच्च कार्यक्रमही तिथे बहुधा नसतो. कोंबड्या दिसतील, तेलाची बाटली विकत मिळेल, विचारलंत तर तेलघाणी दाखवतील. बाकी वेळ तुमचा.

मुक्कामाच्या अटींत आता फारसा फरक उरलेला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार ते शनिवार ही अट कासा व्हाकांत्सेत जास्त कडक, पण अग्रितुरिझ्मोही ती लावतात. पासपोर्टची माहिती दोघांनाही पोलिसांना कळवावी लागते. गावाचा मुक्काम-कर असेल तर तो दोन्हीकडे, माणशी दर रात्रीचा. १ जानेवारी २०२५ पासून ‘आयटी’ (IT) या अक्षरांनी सुरू होणारा जागेचा राष्ट्रीय ओळख क्रमांक जाहिरातीत देणं दोघांनाही बंधनकारक आहे. जाहिरातीत तो नसेल तर पुढे जाऊ नका, पण त्याच्या नुसत्या असण्यावरून जागा शेतकऱ्याची की वकिलाची ते कळत नाही.

आता स्वयंपाकघर, म्हणजे बहुतेक मराठी कुटुंबांचा खरा मुद्दा. इथे पाटी काहीही असो, अडचणी सारख्याच. इटलीत साध्या घराची वीजजोडणी बहुधा तीन किलोवॉटची असते. ओव्हन आणि वॉशिंग मशीन चालू असताना कुणी चहासाठी विजेची किटली लावली की अख्खं घर अंधारात. मीटर कधी घरात, कधी पार फाटकाशी, आणि तिथवर मोबाइलच्या उजेडात चालत जायचं. शेगडी इंडक्शनची असेल तर आपला अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही, हे घरून निघण्यापूर्वी विचारून घ्या. शेगडी गॅसची असेल तर प्रश्न नाही. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, पण आपली जाड तीन पिनांची प्लग तिथल्या भोकांत जात नाही. अॅडॅप्टर तिथल्या आडगावात सहज मिळेलच असं नाही.

मसाले न्या, डाळी न्या, पण तूप आणि पेढे नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कढीपत्त्याच्या ताज्या डहाळ्याही सामानात नकोत. तुपाचं दुःख करू नका, तिथलं लोणी बहुतेक बिनमिठाचंच असतं, पाव किलो आणून कढवलं की काम झालं. उंब्रियातल्या कास्तेल्लुच्चोची बारीक मसूर न भिजवता अर्ध्या तासात शिजते आणि गोड्या मसाल्याशी तिचं छान जमतं. कोथिंबीर मिळणं कठीण, तिच्या जागी पार्सली दिसते, पण ती टाकून भागवू नका, चव बिघडते. आणि दुपारचं जेवण झाल्यावर दुकानात जाऊ म्हणाल तर फसाल: गावातली दुकानं एकच्या सुमारास बंद होतात ती चारनंतर उघडतात, रविवारी बऱ्याचदा उघडतच नाहीत, आणि १५ ऑगस्टला तर सगळा देशच सुट्टीवर असतो.

न्हाणीघराबद्दल एकच. जेट स्प्रे नसतो, पण बिडे असतो, म्हणजे कमोडशेजारचं नळ असलेलं, धुण्यासाठीचं बुटकं भांडं. घरातल्या निदान एका न्हाणीघरात तो हवा, असा १९७५ पासूनचा सरकारी नियम आहे. युरोपात पाण्यावाचून हैराण झालेल्या भारतीयाला इटली जवळची वाटते, त्यामागे हेही एक कारण असावं.

बिलाचे तपशील मात्र नीट वाचा. चादरी-टॉवेल, थंडीतलं हीटिंग आणि शेवटची सफाई यांचे पैसे वेगळे असू शकतात. सफाईच्या ओळीपुढे पुष्कळदा ‘स्वयंपाकाचा कोपरा वगळून’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणजे सफाईचे पैसे देऊनही शेगडी तुम्हीच घासायची, भांडी तुम्हीच लावायची, कचरा वेगवेगळा करून ठरल्या डब्यात तुम्हीच टाकायचा. फोडणीचे हळदीचे शिंतोडे पांढऱ्या फरशीवर राहिले तर अनामत रकमेतून कापून घेतील.

ओळखायचं कसं? कायदेशीर पाटी, आणि असलंच तर सूर्यफुलांचं चिन्ह: अग्रितुरिझ्मोचा दर्जा एक ते पाच सूर्यफुलांत देतात, ताऱ्यांत नाही. मार्के आणि उंब्रियात ‘कंट्री हाउस’ नावाचा एक वेगळाच प्रकार दिसतो, नाव ऐकून शेत वाटतं पण शेती असावीच लागते असं नाही. माझा भरवसा सरळ प्रश्नांवर. बुकिंगपूर्वी मालकाला विचारा: शेतात काय पिकतं, तुम्ही तिथेच राहता का, जेवण कोणत्या वारी मिळेल, शेगडी कशावर चालते. पहिल्या प्रश्नाला शेतकरी दहा ओळींचं उत्तर पाठवतो.

दुसऱ्या खेपेला आम्हाला असंच लांबलचक उत्तर आलं. जेवण फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी मिळणार होतं, म्हणून बाकी दिवस आम्ही स्वयंपाक केला. तिसऱ्या दिवशी छोले लावले तेव्हा कुकरची शिट्टी ऐकून शेतकऱ्याची आई अंगणातून काळजीने बघायला आली. झाकण उघडल्यावर तिने एक छोला बोटांनी दाबून पाहिला आणि खुणेने विचारलं, किती वेळ? मी घड्याळावर पंधरा मिनिटं दाखवली. तिने दोन बोटं वर केली, मग आपल्या चुलीकडे हात केला: तिच्याकडे दोन तास.