खाद्यातील खनिजे आणि माशांतील मेदचयापचय

पाळीव माशांना खाद्यातून मिळणाऱ्या खनिजांमुळे त्यांच्या शरीरात चरबी किती साठते आणि किती वापरली जाते, यावर होणारा परिणाम. खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) हा प्रश्न मुख्यतः शेततळ्यांत व गावतलावांत वाढवल्या जाणाऱ्या रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) या कार्प कुळातील माशांचा आहे. गिरणा किंवा हतनूरसारख्या जलाशयांत सोडलेले बीज बहुतांशी नैसर्गिक अन्नावर वाढते. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात मात्र मातीचा स्पर्श तुटतो, तळाचे नैसर्गिक अन्न तुटपुंजे राहते आणि मासा दिलेल्या खाद्यावरच अवलंबून असतो.

रोहूचे पोट चिरल्यावर आतड्याभोवती पांढुरक्या चरबीचे थर आणि फिकट, तेलकट यकृत दिसले, की दोष तेलाला किंवा जास्त खाद्याला दिला जातो. बऱ्याचदा तो खराही असतो. पण स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरताही हेच चित्र उभे करते, आणि याकडे फार कमी लक्ष जाते. मेदाम्ले जाळून मिळणारी ऊर्जा पेशी एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या रूपात बांधून ठेवतात. त्यासाठी फॉस्फेट लागते. ते कमी पडले की ज्वलन मंदावते आणि न जळलेला मेद साठत जातो. वाढ खुंटते, हाडे मऊ पडतात, सायप्रिनसमध्ये डोक्याचा आकारही बिघडतो. सायप्रिनसच्या खाद्यात वापरता येण्याजोगे स्फुरद सुमारे ०.६ ते ०.७ टक्के असावे लागते. कॅल्शियम मासा कल्ल्यांवाटे पाण्यातून घेऊ शकतो. स्फुरद पाण्यात नगण्य असल्याने ते खाद्यातूनच यावे लागते.

सरकी किंवा शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा यांत स्फुरद भरपूर असते, पण त्यातला मोठा वाटा फायटेट या वनस्पतींतील संयुगात अडकलेला असतो. तीच सरकी पेंड गाईला घातली तर तिच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव फायटेट फोडतात. माशाकडे ही सोय नाही, आणि कार्प माशांना तर जठरच नसते. आम्लाअभावी अविद्राव्य क्षारही विरघळत नाहीत. सायप्रिनसला मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधले सुमारे ९४ टक्के स्फुरद मिळते, डायकॅल्शियममधले ४६ आणि ट्रायकॅल्शियममधले जेमतेम १३ टक्के. गुरांचे खनिज मिश्रण माशांच्या खाद्यात कालवणे म्हणूनच अपुरे ठरते, कारण त्यात बहुधा डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) असते. पोत्यावर छापलेला स्फुरदाचा आकडा आणि माशाच्या अंगी लागणारे स्फुरद यांत एवढी तफावत पडते. तिलापिया व पंगस यांना जठर असल्याने त्यांची अडचण कमी आहे. फायटेट फोडणारे फायटेज हे विकर (एन्झाइम) मिसळल्यानेही अडकलेले स्फुरद मोकळे होते.

फायटेट जस्तालाही धरून ठेवते. सायप्रिनसला किलो खाद्यामागे १५ ते ३० मिलिग्रॅम जस्त पुरते, पण पेंडेवरच्या खाद्यात त्याहून अधिक द्यावे लागते. शिंगाळ्यासारख्या माशांवरील प्रयोगांत पुरेशा जस्ताने यकृतातील चरबी घटल्याचे, तर जादा तांब्याने ती वाढल्याचे आढळले आहे. सरकी पेंडेतील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लोहाला बांधते, म्हणून अशा खाद्यात लोहाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. मॅग्नेशियम व मंगल (मँगॅनीज) ऊर्जा-चयापचयातील विकरांना लागतात.

तरीही खनिज जितके जास्त तितके चांगले, असे मुळीच नाही. लोह आणि तांबे तेलाचे ऑक्सिडीकरण वेगाने घडवतात. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला, तेल न काढलेला कोंडा आधीच खवट व्हायच्या बेतात असतो. त्यात ही खनिजे सढळ हाताने मिसळली तर तो लवकर बिघडतो आणि असा बिघडलेला मेद यकृताला इजा करतो. त्यापासून पेशींचा बचाव करणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराला सेलेनियम लागते, आणि त्याला ई जीवनसत्त्वाची जोड हवी असते. सेलेनियमची गरज किलोमागे मिलिग्रॅमच्या अंशात मोजली जाते आणि जादा झाले तर ते विषारी ठरते. तेव्हा ते अंदाजाने टाकू नये. तयार खनिज मिश्रणातूनच द्यावे.

न पचलेले स्फुरद विष्ठेवाटे पाण्यात उतरते, शेवाळ माजते आणि पहाटे विरघळलेला ऑक्सिजन घटतो. हेच पाणी केळीच्या ठिबकला जोडलेले असेल, तर फिल्टर वारंवार धुवावे लागतात.