नकली डायव्ह घड्याळात अस्सल जुने मशीन बसविणे

नामवंत स्विस कंपन्यांच्या जुन्या डायव्ह (खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीच्या) घड्याळांची नक्कल करून बनविलेल्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या आवरणात, त्याच कंपनीचे आणि त्याच काळातले खरे मशीन बसविण्याची प्रथा घड्याळांच्या संग्राहकांत व व्यापारात गेली अनेक वर्षे रूढ आहे. अशा घड्याळाची केस, डायल, काटे, बेझल (काचेभोवतीची कडी) आणि पट्टा यांपैकी बहुतेक भाग नकली असतात, चालणारे यंत्र तेवढे अस्सल असते. निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून उभ्या केलेल्या घड्याळाला संग्राहक ‘फ्रँकनवॉच’ म्हणतात. त्यात सगळे भाग अस्सलही असू शकतात, त्यामुळे प्रस्तुत प्रथा ही त्याचीच अधिक वादग्रस्त शाखा ठरते. मुंबईच्या बाजारात हुबेहूब नकलेला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणण्याची पद्धत आहे, पण फर्स्ट कॉपीच्या पोटात सहसा चिनी किंवा जपानी मशीन असते आणि मागचे झाकण उघडताच ते उघडे पडते.

या प्रथेचे मूळ किमतींच्या तफावतीत आहे. रोलेक्सचे सबमरीनर आणि ब्लांपँचे फिफ्टी फॅदम्स ही दोन्ही घड्याळे १९५३ सालची, आणि त्यांच्या सुरुवातीच्या दशकांतले नमुने आज संग्राहकांच्या बाजारात फार महाग आहेत. परंतु रोलेक्सच्या घड्याळांतील यंत्रे तितकी दुर्मीळ नाहीत, कारण कंपनी तीच यंत्रे आपल्या साध्या घड्याळांतही वापरत असे. सबमरीनर ५५१३ मध्ये असणारे १५२० क्रमांकाचे मशीन एअर-किंग ५५०० मध्येही मिळते, तर तारीख दाखविणाऱ्या सबमरीनर १६८० मधले १५७५ हे मशीन डेटजस्ट १६०१ मध्येही सापडते. (१५७५ मशीनमधील धातूच्या पट्टीवर बहुधा ‘१५७०’ असेच कोरलेले असते, त्यामुळे नवशिक्या ग्राहक अस्सल मशीनलाच खोटे ठरवतो.) डायल खराब झालेले एअर-किंग विकत घेऊन त्याचे मशीन काढायचे आणि नकली ५५१३ च्या केसमध्ये घालायचे, हा व्यवहार त्यामुळे परवडतो. दर वेळी एक खरे घड्याळ मोडले जाते, ही बाब या प्रथेच्या समर्थकांच्या बोलण्यात क्वचितच येते.

प्रत्यक्ष काम मात्र वाटते तितके सोपे नाही. नकली केस सहसा ईटीए या स्विस मशीन-उत्पादकाच्या २८२४-२ या मशीनसाठी किंवा त्याच्या चिनी नकलेसाठी कोरलेली असते. या मशीनचा व्यास २५.६ मिमी, म्हणजे घड्याळजींच्या मापात साडेअकरा लीन, आणि जाडी ४.६ मिमी असते. रोलेक्सचे १५७० गटातील मशीन मात्र सुमारे २८.५ मिमी व्यासाचे आहे. त्यामुळे केसच्या आतील भाग लेथवर वाढवावा लागतो आणि मशीन धरून ठेवणारी मधली कडी बदलावी लागते. खरी अडचण चावीच्या दांड्याची असते. डायल ज्या पातळीवर टेकते तिथपासून दांड्याच्या मध्यापर्यंतचे अंतर प्रत्येक मशीनचे वेगळे असते, आणि केसला पाडलेले भोक जुन्या मापाचे असल्यामुळे ते किंचितही वरखाली राहिले तर दांडा तिरका शिरतो, चावी देताना घासतो आणि काही महिन्यांत आतली चाके झिजवतो. डायलच्या पाठीला असलेले दोन बारीक पाय मशीनच्या ठरावीक भोकांतच बसतात; ईटीएसाठी बनविलेल्या डायलचे पाय कापून ती डिंकाने किंवा चिकटपट्टीने बसविण्याचा उद्योग त्यामुळेच चालतो, आणि डायल उचलताच दिसणारी ती चिकटपट्टी जाणकाराला सगळे सांगून जाते. काट्यांचीही तीच गत असते. ईटीए २८२४-२ साठीच्या तास, मिनिट व सेकंद काट्यांची भोके अनुक्रमे १.५०, ०.९० आणि ०.२५ मिमीची असतात. ती रोलेक्सच्या मशीनला जुळत नसल्यामुळे काटे वेगळे मिळवावे लागतात किंवा भोके रुंदावावी लागतात.

एवढी खटपट करण्याचे कारण असे की अस्सल मशीनमुळे ओळखीच्या नेहमीच्या खुणा निकामी होतात. १६८० मधील अस्सल मशीनमध्ये तारीख झटपट पुढे सरकविण्याची सोय नाही. तारीख बदलायची तर काटे फिरवत मध्यरात्र ओलांडावी लागते. ईटीए घातलेल्या नकलेत चावी एक टप्पा ओढून फिरवली की तारीख सरकते, आणि घड्याळ न उघडताच बनावट लक्षात येते. ठोक्यांचेही तसेच आहे. १५२० व १५७० ही मशीन तासाला १९,८०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला साडेपाच. ईटीए २८२४-२ तासाला २८,८०० म्हणजे सेकंदाला आठ ठोके देते, आणि सेकंद काट्याची चाल सरावलेल्या डोळ्याला लगेच वेगळी दिसते. खरे मशीन बसविले की या दोन्ही परीक्षा घड्याळ पास होते. मग उरतात डायलवरची छपाई, पट्टा अडकविण्याच्या केसच्या दोन कानांमधला कोरीव क्रमांक, केसच्या कडांची घडण आणि झाकणाच्या आतील शिक्के. हे तपासायला ‘मशीन दाखवा’ म्हणणाऱ्या ग्राहकापेक्षा पुष्कळ अधिक जाण लागते.

काही घड्याळांत हे काम फारच सोपे आहे. ट्यूडरच्या सबमरीनर ७९०९० मध्ये कंपनीनेच ईटीए २८२४-२ वापरले होते, त्यामुळे तिथे मापे मुळातच जुळतात. सेकोचे ६३०९ हे मशीन साध्या घड्याळांतही आहे आणि १५० मीटरच्या ६३०९-७०४० या डायव्ह घड्याळातही, आणि त्या डायव्ह घड्याळाच्या केस, डायल व बेझल बाहेरच्या उत्पादकांकडून सुट्या मिळतात. ओमेगाच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातील वॉचको या व्यवसायाने कंपनीच्याच अस्सल सुट्या केस आणि जुन्या साध्या ओमेगांमधून काढलेली ५५२ किंवा ५६५ क्रमांकाची मशीन वापरून सीमास्टर ३०० घड्याळे जोडली. ती आजही ‘वॉचको’ म्हणूनच विकली जातात. त्यांत नकली भाग नाही, तरी साठच्या दशकातल्या मूळ सीमास्टरची किंमत त्यांना येत नाही, यावरून संग्राहक नेमके कशाचे पैसे मोजतात ते कळते.

मुंबईला या विषयात स्वतःचे, फारसे अभिमानास्पद नसलेले स्थान आहे. जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ या नावाने जे घड्याळ ओळखतात, ते अगदी याच तत्त्वावर उभे असते. आतले मशीन फाव्र-ल्युबा, एचएमटी किंवा सेकोचे खरे आणि जुने असते; डायल नव्याने रंगविलेली, केस पॉलिश केलेली किंवा बदललेली आणि काटे कुठले तरी. गर्द निळ्या-नारिंगी डायलवर कंपनीने कधीच न छापलेली अक्षरे असतात, क्वचित नावाचे स्पेलिंगही चुकलेले असते. मटण स्ट्रीटच्या चोर बाजारात जुन्या घड्याळांबरोबर सुटी मशीनही मिळतात, आणि मशीन चालू ठेवून बाहेरचा साज बदलणे हे तिथल्या कारागिराच्या दृष्टीने दुरुस्तीचेच काम असते. या दृष्टिकोनात तथ्य आहे, कारण एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद पडल्यावर अस्सल डायल आणायची कुठून, हा प्रश्न खराच आहे. पण साध्या हातघड्याळाला नवी डायल लावणे आणि नकली केसवर महागड्या कंपनीचे नाव मिरविणे यांत मोठा फरक आहे. आयात केलेल्या चैनीच्या मालासाठी प्रसिद्ध असलेल्या हाजी अलीच्या हीरा पन्ना बाजाराचे नाव अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या बनावट मालाच्या बाजारांच्या २०२१ च्या यादीत होते.

डायव्ह घड्याळाचे मुख्य काम पाणी बाहेर ठेवणे हे असते. आयएसओ ६४२५ या मानकानुसार अशा घड्याळाने किमान १०० मीटर खोलीवरील दाब सोसला पाहिजे. पण लेथवर पुन्हा कोरलेल्या आणि अंदाजाने रबर बसविलेल्या केसची अशी चाचणी सहसा कोणी करत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत याचा परिणाम लवकर दिसतो. काचेच्या आत वाफ धरते, आणि गंज प्रथम चावीचा दांडा व त्याला लागून असलेल्या पोलादी भागांवर चढतो. अस्सल मशीनला गंज लागला की बदली भाग मिळणे कठीण, कारण मोठ्या कंपन्या आपले सुटे भाग बाहेरच्या घड्याळजींना सहसा विकत नाहीत.

कायद्याच्या नजरेत खऱ्या मशीनमुळे नकली केस पवित्र होत नाही. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ नुसार खोटे व्यापारचिन्ह लावणे आणि तसा माल विकणे हे गुन्हे असून त्यांना ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कायदेशीररीत्या विकला गेलेला माल पुढे विकण्यास कलम ३० ची मुभा आहे, परंतु बाजारात आल्यानंतर मालाची स्थिती बदलली किंवा बिघडविली गेली असल्यास चिन्हाचा मालक त्या पुनर्विक्रीस हरकत घेऊ शकतो. अमेरिकेत रोलेक्सच्या १९९९ च्या एका खटल्यात, परके बेझल, डायल व पट्टे लावलेल्या जुन्या रोलेक्सवर मूळ चिन्ह ठेवणे म्हणजे बनावटच, असा निकाल अपील न्यायालयाने दिला. व्हॉर्टिक या कंपनीने मात्र हॅमिल्टनच्या जुन्या खिशातल्या घड्याळांची मशीन स्वतःच्या नव्या केसमध्ये घालून मनगटी घड्याळे विकली, आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. ग्राहकाला सर्व माहिती आधीच स्पष्ट दिलेली होती, हे त्यात महत्त्वाचे ठरले. खुद्द कंपन्याही या फसवणुकीपासून सुरक्षित नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला लिलावात गेलेले ओमेगा स्पीडमास्टर हे बहुतांशी अस्सल भाग जोडून बनविलेले घड्याळ असल्याचे आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचे ओमेगाने २०२३ मध्ये जाहीर केले, आणि ते विकत घेणारीही ओमेगाच होती.