हौशी इलेक्ट्रॉनिकीतील डाखकामाचे निकष

पीसीबीवरील (म्हणजे मुद्रित मंडलावरील) तांब्याच्या पॅडला सुट्या भागाचा पाय किंवा तार कथिलयुक्त मिश्रधातूने जोडण्याच्या क्रियेला डाखकाम म्हणतात. बोलीत ‘सोल्डर मारणे’ हाच प्रयोग सर्रास चालतो. ‘डाख’ हा शब्द सोनार, तांबट आणि पत्र्याचे काम करणारे यांच्याकडे अधिक ऐकू येतो. असा सांधा पक्का की कच्चा हे कशावरून ठरवायचे, एवढाच या नोंदीचा विषय आहे. घरी मंडले जुळवणाऱ्या हौशी माणसावर कोणतेही मानक बंधनकारक नाही. त्याच्या हाती असलेल्या कसोट्या कारखान्यांच्या मानकांतून, संचांसोबतच्या पुस्तिकांतून आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडी ज्ञानातून झिरपत आल्या आहेत. त्यामुळे त्यांत काही कालबाह्य नियमही टिकून राहिले आहेत.

सांध्याचे स्वरूप : डाख हा गोंद नव्हे. वितळलेल्या डाखातील कथिल आणि खालचे तांबे यांच्यात काही मायक्रोमीटर जाडीचा आंतरधातवीय थर (Cu₆Sn₅ व Cu₃Sn) तयार होतो आणि जोड धरतो तो तिथेच. हा थर बनण्यासाठी डाखाने तांब्याला आधी ‘ओलवावे’ लागते. तांब्यावर ऑक्साइडाची पुटी किंवा हाताचा तेलकटपणा असेल, तर डाख अळवावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन राहतो. धातू आणि डाखाचा उतार जिथे मिळतात तिथला स्पर्शकोन जितका लहान तितके ओलावणे चांगले. ९०°च्या पुढे तो गेला की सांधा सामान्यतः नापास समजतात. चांगल्या सांध्याचा उतार आतल्या बाजूला वळलेला असतो, पायाची कड त्यातून ओळखू येते आणि पॅडच्या काठापर्यंत डाख पातळ होत गेलेला दिसतो. साबुदाण्याच्या दाण्यासारखा फुगीर गोळा डोळ्याला भरीव वाटला, तरी तो खाली पॅडला धरून आहे की नुसता टेकला आहे हे वरून कळत नाही. जास्त डाख घालणे हा दोष लपवण्याचा सोपा मार्ग आहे, म्हणून तपासनीस त्याकडे संशयाने पाहतात.

मानके : आज सर्वाधिक आधार घेतला जातो तो आयपीसी-ए-६१० या मानकाचा. आयपीसी ही संघटना १९५७मध्ये अमेरिकेत मुद्रित मंडलांच्या उत्पादकांनी स्थापन केली. ६१०ची पहिली आवृत्ती १९८३ची. हे मानक तयार वस्तू कशी दिसावी ते चित्रांनी सांगते. ती कशी करावी हे सांगणारे जे-एसटीडी-००१ हे वेगळे मानक १९९२पासून आहे. हौशी लिखाणात या दोहोंची सरमिसळ नेहमी होते. अमेरिकेत लष्कर व नासा यांची आपापली कडक मानके होती, पुढे दोघेही बऱ्याच अंशी जे-एसटीडी-००१कडे वळले. भारतात इस्रोचे पॅक्स-३०० हे कारागिरीचे मानक अंतराळातील मंडलांसाठी आहे. डाखाच्या धातूसाठी भारतीय मानक आयएस १९३ आणि राळ भरलेल्या तारेसाठी आयएस १९२१ आहे.

६१०मध्ये वस्तूंचे तीन वर्ग पाडले आहेत : सामान्य वस्तू, दीर्घकाळ अखंड चालावी अशी वस्तू, आणि बंद पडलेली परवडणारच नाही अशी वस्तू. आरपार भोकात पाय घातलेल्या सांध्यात डाखाने भोकाची किमान ७५% उंची भरावी, अशी अपेक्षा दुसऱ्या व तिसऱ्या वर्गात आहे (दुसऱ्यात काही सवलतींसह). पहिल्या वर्गासाठी असा आकडा दिलेला नाही. डाख जिथून दिला त्या बाजूला पायाभोवती किमान २७०° ओलावणे पहिल्या दोन वर्गांना पुरते, तिसऱ्याला ३३०° लागते. हौशी उपकरण वर्गवारीने पहिल्यात बसते, मात्र शिकणाऱ्यांना कसोटी सहसा तिसऱ्या वर्गाची सांगितली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरा वर्ग हा व्यवहार्य मध्य आहे. शिवाय एका बाजूलाच तांबे असलेल्या साध्या पीसीबीत भोकाला आतून मुलामाच नसतो. तिथे भोक भरण्याची अट लावणे निरर्थक होय.

चकाकीचा वाद : चांगला सांधा आरशासारखा चकाकला पाहिजे, हा नियम अनेक पिढ्यांनी गिरवला. तो कथिल ६३ व शिसे ३७ या यूटेक्टिक (एकाच तापमानाला वितळणाऱ्या व थिजणाऱ्या) प्रमाणापुरता बराचसा खरा आहे. ते मिश्रण १८३° से.ला एकदम घट्ट होते आणि पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. ६०/४०चे मिश्रण १८३° ते सुमारे १९०°च्या दरम्यान लापशीसारखे असते, त्या क्षणी पाय हलला की सांधा खरबरीत होतो. त्यामुळे ‘मंद म्हणजे हललेला’ हे समीकरण तयार झाले. युरोपीय संघाच्या २००२च्या निर्देशानुसार १ जुलै २००६पासून बाजारात येणाऱ्या बहुतेक उपकरणांत शिशाची मर्यादा वजनाच्या ०.१% झाली आणि कथिल ९६.५, चांदी ३, तांबे ०.५ हे मिश्रण रूढ झाले. ते २१७° ते २२०°च्या दरम्यान वितळते; थिजताना आधी कथिलाचे स्फटिक फांद्यांसारखे वाढतात, म्हणून निर्दोष सांधाही दाणेदार, करडा दिसतो. ६१०च्या २००५च्या आवृत्तीपासून शिसेरहित सांध्यांची छायाचित्रे शिसेयुक्तांच्या शेजारी देण्यात आली. ती पाहणाऱ्याच्या लक्षात येते की दोहोंत समान आहे तो उतार, चकाकी नाही. भिंगाखाली ओलावणे पाहावे आणि चकाकी दुय्यम मानावी, हाच पक्ष आता अधिक ग्राह्य वाटतो. शिसेयुक्त डाखसुद्धा सावकाश थंड झाला किंवा पायावर सोन्याचा मुलामा असला तर मंद दिसू शकतो, हे जुन्या पुस्तिकांत क्वचितच सांगितले आहे.

‘ड्राय सोल्डर’ : या संज्ञेइतका गोंधळ दुसऱ्या कोणत्याही संज्ञेत नाही. ब्रिटिश परंपरेत ‘ड्राय’ आणि अमेरिकी परंपरेत ‘कोल्ड’ हे शब्द बहुतेक समानार्थी वापरले गेले. आयपीसीच्या व्याख्येत कमी उष्णता, अपुरी स्वच्छता आणि डाखातील अशुद्धी ही तिन्ही कारणे ‘कोल्ड’मध्येच येतात. काही तंत्रलेखक मात्र ओलावलेच नाही तो ड्राय, उष्णता कमी पडली तो कोल्ड आणि थिजताना हलला तो विस्कटलेला सांधा, असा भेद करतात. उपाय वेगवेगळे असल्याने हा भेद हौशी माणसाला अधिक उपयोगी : पहिल्यात धातू खरवडून फ्लक्स (ऑक्साइड काढणारा पदार्थ) लावावा लागतो, दुसऱ्या-तिसऱ्यात नुसते पुन्हा तापवून चालते. मराठी दुरुस्ती-बोलीत ‘ड्राय’मध्ये चौथाही एक दोष येतो. जुन्या टीव्हीच्या मंडलावर ट्रान्सफॉर्मरच्या किंवा रेग्युलेटरच्या पायाभोवती केसाएवढी काळी वर्तुळाकार रेघ दिसते. मंडल थोपटले की चित्र येते, सोडले की जाते. हा सांधा मुळात चांगलाही असू शकतो. वर्षानुवर्षे तापून-निवून तो थकलेला असतो.

मल्टिमीटरचा बझर वाजला म्हणजे सांधा पास, ही समजूत चुकीची आहे. नुसता टेकलेला पायही बझर वाजवतो.

संच-पुस्तिकांचा वाटा : अमेरिकेतील हीथकिट कंपनीने १९४७पासून १९९२पर्यंत जुळणीचे संच विकले. दुरुस्तीला परत येणाऱ्या संचांपैकी सुमारे ९०% खराब जोडणी व डाखकामामुळे चालत नाहीत, असे तिच्या पुस्तिकांत छापलेले असे. तार टॅगला (धातूच्या छोट्या कडीला) आधी वळवून पक्की अडकवावी आणि मगच डाख द्यावा हा नियम त्याच काळातला. टॅगपट्टीसाठी तो योग्यच होता. पीसीबीवर पाय पूर्ण वाकवून दाबला तर नंतर भाग काढताना पॅड उखडतो, म्हणून तिथे तो किंचित फाकवणे पुरे.

साहित्य व कृती : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मागितल्यावर मिळते ती बहुधा ६०/४०ची, २२ गेजची (सुमारे ०.७ मिमी), पोटात राळ असलेली तार. कथिल कमी असलेली तार उशिरा वितळते (४०/६०चे मिश्रण २३८°ला पूर्ण द्रव होते) आणि सांधे मळकट येतात. दोष हाताचा नसून तारेचा असू शकतो. नळकामाचा जस्त क्लोराइडयुक्त फ्लक्स मंडलावर वापरू नये, तो मागे राहून तांबे खातो. बिट (सोल्डरिंग आयर्नचे तापणारे टोक) पॅड व पाय या दोघांना एकदम टेकवून, तार बिटऐवजी सांध्याला लावतात. शिसेयुक्त डाखासाठी बिट ३२० ते ३५०° असेल तर दोन-तीन सेकंद पुरतात. जुने उघड्या तांब्याचे बिट कानशीने घासून नीट करीत, कारण कथिल तांबे विरघळवून त्याला खड्डे पाडते; त्यावर तोड म्हणून ब्रिटनमध्ये दीडेक टक्का तांबे आधीच मिसळलेला ‘सॅव्हबिट’ डाख निघाला होता. आताच्या बिटवर लोखंडाचा मुलामा असतो. त्याला कानस लावली की तो मुलामा जातो आणि बिट काही दिवसांत निकामी होते. ते ओल्या स्पंजावर किंवा पितळी जाळीत पुसून, टोकाला ताजा डाख ठेवून बंद करतात.

निघणारा धूर मुख्यतः राळेचा असतो, शिशाचा नाही. या राळधुराने दमा जडू शकतो हे मान्य झालेले आहे. शिसे पोटात जाते ते हातावाटे, म्हणून काम संपल्यावर हात साबणाने धुतात.