वाचताना ओळ का हरवते?

नागपुरात सीताबर्डीहून खापरीकडे जाणाऱ्या मेट्रोत सकाळी घडी घातलेले वर्तमानपत्र आता क्वचितच दिसते; वाचन चालते ते मोबाइलवर. गेल्या आठवड्यात याच गाडीत मी विदर्भातील सिंचनावरचा एक दीर्घ लेख वाचत होतो. अजनी चौक स्थानकाजवळ, चौथ्या परिच्छेदात असताना, वर कुठेतरी जाहिरात उमटली, मजकूर सर्रकन खाली गेला आणि वाचत असलेले वाक्य पुन्हा सापडेपर्यंत छत्रपती चौक आला.

असे का होते, हे कळण्यासाठी डोळ्याचे काम पाहावे लागते. वाचताना नजर ओळीवरून सलग सरकत नाही, ती उड्या मारते. पॅरिसमधील नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेतून १८७९ च्या सुमारास ही गोष्ट पुढे आली. प्रत्येक उडीनंतर नजर साधारण पाव सेकंद थांबते आणि त्या वेळी अगदी स्पष्ट दिसतो तो जेमतेम दोन अंशांचा भाग, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढा. शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे, वाचून झालेल्या शब्दांकडे जातात आणि तो शब्द पानावर कुठे होता याची आठवण तेव्हा कामी येते.

सर्वांत अवघड उडी ओळ संपल्यावरची. नजरेला डावीकडे परत येऊन नेमकी पुढची ओळ पकडायची असते, आणि ओळ फार लांब असेल तर ती चुकते. म्हणूनच संगणकाचा पडदा कितीही रुंद असला तरी चांगली वृत्तसंकेतस्थळे मजकुराचा रकाना अरुंद ठेवतात. वेबसाठीच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत ओळीची कमाल मर्यादा ८० अक्षरांची, तर ओळींमधील अंतर किमान दीडपट सुचवले आहे.

मराठीसाठी हे दीडपट अंतर मला किमान गरजेचे वाटते. ‘निर्णयांमुळे’ हा एकच शब्द पाहा : शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि मात्रा, तर खाली उकार. इंग्रजीसाठी आखलेल्या साच्यात हा मजकूर तसाच ओतला, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांना भिडतात. शिवाय आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जात असल्याने ‘महानगरपालिकेसमोरच्या’सारखे लांबलचक शब्द पदोपदी येतात. छापील रकान्यात ते संयोगचिन्ह देऊन तोडता येतात, मोबाइलवर बहुधा तसे होत नाही. त्यामुळे दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या हट्टापायी शब्दांमध्ये मोठाली भगदाडे पडतात. उजवी कड मोकळी सोडलेली केव्हाही बरी.

संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये २३२ जणांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा ती पडद्यावर इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखी फिरताना आढळली : सुरुवातीच्या ओळी बऱ्याचशा पूर्ण, नंतर केवळ डावी कड. दीर्घ लेखात अधूनमधून अर्थवाही उपशीर्षके देतात ती यासाठीच, कारण निसटू पाहणारी नजर तिथे पुन्हा थबकते.

जाहिरातीच्या धक्क्यावरचा उपाय तर फार सोपा आहे. चित्राची किंवा जाहिरातीची लांबी-रुंदी पानाच्या संहितेत (कोडमध्ये) आधीच नोंदवली, तर ब्राउझर तेवढी जागा रिकामी राखून ठेवतो आणि जाहिरात कितीही उशिरा आली तरी वाचकासमोरची ओळ जागची हलत नाही.