चित्रकथा म्हणजे वाचन नव्हे?

सहावी ते आठवीच्या मुलांनी उन्हाळ्याच्या सुटीत चित्रकथा वाचल्या तर वेळ वाया जातो आणि भाषा बिघडते, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो चुकीचा आहे. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी 1988 मध्ये इंग्रजीतील मजकुरांची तुलना केली, तेव्हा चित्रकथांमध्ये दर हजार शब्दांमागे सुमारे 53 शब्द क्वचित वापरले जाणारे आढळले, तर पदवीधर प्रौढांच्या आपसातील गप्पांमध्ये असे शब्द जेमतेम 17 होते. म्हणजे ज्या पुस्तकाला आपण हलके म्हणून बाजूला सारतो, त्यातूनही मुलाच्या कानावर कधी न पडलेले शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतात.

सुटीतील पुस्तके मोठ्यांनीच निवडावीत, हा आग्रहही तपासायला हवा. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रँझन यांच्या 2010 मधील अभ्यासात फ्लोरिडातील गरीब वस्त्यांच्या शाळांतील मुलांना सलग 3 उन्हाळे प्रत्येकी 12 पुस्तके स्वतः निवडू दिली गेली आणि त्यांची वाचनातील प्रगती इतरांपेक्षा सरस ठरली. ती मुले वयाने लहान होती, हे खरे. परंतु आवडीचे पुस्तक हिसकावून घेतले की वाचणेच थांबण्याचा धोका बाराव्या-तेराव्या वर्षी अधिक असतो, असे मला मनापासून वाटते.