वीजबिलावरचा ‘दर संकेत’ बदलून घ्यायचा असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज (ठाणे–नवी मुंबई)

महावितरणच्या बिलावर मंजूर भार, सुरक्षा ठेव, पुरवठा दिनांक अशा बारीक अक्षरांतल्या ओळींमध्ये तुम्ही कुठल्या दरगटात आहात ते सांगणारी ‘दर संकेत’ अशी एक ओळ असते. घरच्या बिलावर तिथं बहुधा ‘९०/एलटी I रेस १-फेज’ असं काहीतरी छापलेलं दिसेल. युनिटला भाव काय, स्थिर आकार किती, वीज शुल्क किती टक्के, हे सगळं या ओळीवरून ठरतं. घरगुती वापरावर वीज शुल्क १६ टक्के आणि व्यावसायिक वापरावर २१ टक्के आहे, म्हणजे गट बदलला की नुसता युनिटचा भाव नाही, त्यावरचा करही बदलतो.

हा लेख त्या ओळीबद्दल आहे. ती चुकीची असेल किंवा तुमचा वापरच बदलला असेल, तर ती दुरुस्त कशी करून घ्यायची ते पुढं दिलं आहे. दरांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. ते आदेशागणिक बदलतात, म्हणून चालू दरपत्रक महावितरणच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावं.

गट पाडतं कोण

महावितरण नाही. गट ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा. महावितरण ग्राहकाला आयोगानं मंजूर केलेल्या एखाद्या गटात बसवू शकतं, स्वतःच्या मनानं नवा गट काढू शकत नाही. आणि आयोगालाही मोकळं रान नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ६२(३) मध्ये ग्राहकांत फरक कशावरून करता येईल ते मोजून दिलं आहे: लोड फॅक्टर, पॉवर फॅक्टर, व्होल्टेज, ठरावीक काळातला एकूण वापर, वीज कुठल्या वेळी लागते ती वेळ, भौगोलिक स्थान, पुरवठ्याचं स्वरूप आणि वापराचा हेतू.

यातला लोड फॅक्टर, म्हणजे प्रत्यक्ष वापर हा कमाल शक्य वापराच्या किती टक्के, हे समजलं की दरपत्रकाची निम्मी गुंतागुंत सुटते. घोडबंदर रोडवरचा एक लग्नाचा हॉल धरा, भार ४० किलोवॉट. मुहूर्त असतील तेव्हा झगमगाट, एरवी कुलूप. महिन्याला समजा २,००० युनिट. आता तुर्भ्याच्या एमआयडीसीतलं एक शीतगृह धरा, भार तेवढाच ४० किलोवॉट, पण कॉम्प्रेसर दिवसरात्र चालू. महिन्याला २०,००० युनिट. तीस दिवसांचे ७२० तास गुणिले ४० किलोवॉट म्हणजे २८,८०० युनिट ही दोघांचीही कमाल. हॉलचा लोड फॅक्टर आला जेमतेम ७ टक्के आणि शीतगृहाचा जवळजवळ ७०. ट्रान्सफॉर्मर आणि केबल मात्र दोघांसाठी सारख्याच ताकदीची, बारा महिने तयार ठेवावी लागते. फक्त युनिटवर पैसे घेतले तर हॉलसाठी टाकलेल्या केबलचा खर्च शीतगृहवाल्यानं भरायचा, असा प्रकार होईल. म्हणून बिलात ‘स्थिर आकार’ वेगळा आणि ‘वीज आकार’ वेगळा, आणि २० किलोवॉटच्या वरच्या व्यावसायिक ग्राहकाला स्थिर आकार मागणीवर, म्हणजे एका वेळी ओढलेल्या कमाल विजेवर लागतो (ती केव्हीएमध्ये मोजतात).

वेळेचं तत्त्वही असंच. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार सौर तासांतला, म्हणजे दिवसा उन्हाच्या वेळचा, दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असायला हवा. गर्दीच्या तासांत तो व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना किमान १.२ पट आणि इतरांना किमान १.१ पट. शेतीपंप यातून वगळले आहेत.

अर्जानं काय बदलतं

दरपत्रकात चार प्रकारची वर्गवारी एकमेकांत मिसळलेली असते. युनिटचे टप्पे (१०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, त्यावर) आपोआप लागतात, त्यासाठी कुणाला भेटायची गरज नाही. वेळेनुसारचा दर तसा मीटर असला की लागतो. मंजूर भार अर्जानं कमीजास्त होतो. आणि चौथा, वापराचा हेतू. तोही अर्जानंच बदलतो, पण वाद जवळपास सगळे इथंच होतात.

हेतू ठरतो प्रत्यक्ष वापरावरून. सातबारावर काय लिहिलंय, सिडकोच्या वाटपपत्रात काय आहे, सोसायटीच्या पाटीवर काय आहे, यावरून नव्हे. ते कागद पुरावा म्हणून उपयोगी पडतात, एवढंच.

कोण कुठं बसतो

ज्यांच्या बाबतीत गफलत होते तेवढेच प्रकार घेतो.

घरातूनच काम करणारे. कोपरखैरणेच्या रो-हाउसमध्ये पुढच्या खोलीत शिवणकाम किंवा डबे बनवण्याचं काम चालतं. मग ते घर की दुकान? आयोगाच्या आदेशांप्रमाणे राहत्या घराच्या काही भागात धंदा असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा ३,६०० पर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. तपासणी वर्षाअखेरीस होते. मर्यादा ओलांडली तर पुढं दुसरा दर लागतो, तोही आधी कळवून. एसी लावणाऱ्या घरात एप्रिल-मे महिन्यांतच हिशेब बिघडतो, त्यामुळे मागच्या बारा महिन्यांची बेरीज स्वतः मारून बघावी.

वकील, डॉक्टर, सीए, अभियंते राहत्या जागेतून व्यवसाय करत असतील तर घरगुती. नर्सिंग होम किंवा शस्त्रक्रियागृह मात्र यात येत नाही.

दवाखाना गाळ्यात असेल तर बरेच जण निमूटपणे व्यावसायिक दर भरत राहतात. खरं तर दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, निदान केंद्रं, शाळा, वाचनालयं यांच्यासाठी ‘सार्वजनिक सेवा’ हा वेगळा गट आहे, आणि त्यातही सरकारी व इतर असे दोन उपगट. बिलावर व्यावसायिक छापून येत असेल तर सगळ्यात आधी अर्ज यांनी करावा.

पिठाची गिरणी, मसाला गिरणी, इंजिनिअरिंग वर्कशॉप हे औद्योगिक. वागळे इस्टेटमधल्या कारखान्याचं ऑफिस आणि कॅन्टीन त्याच आवारात असेल तर त्यालाही औद्योगिकच. शिंपी, लाँड्री, ब्युटी पार्लर, सलून, फोटो स्टुडिओ, संगणक प्रशिक्षण वर्ग हे व्यावसायिक. आयटी कंपनीला औद्योगिक दर मिळतो, पण उद्योग संचालनालयाचं नोंदणी प्रमाणपत्र असेल तरच. नुसती भाड्यानं घेतलेली काचेची इमारत आणि शंभर संगणक एवढ्यावर भागत नाही.

गृहनिर्माण सोसायटीचा पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे घरगुती. आवारातला जिम, पोहण्याचा तलाव, समाजमंदिरही घरगुती, पण तो फक्त सभासदांच्या आणि सोसायटीच्या कर्मचाऱ्यांच्या वापरासाठी असेल तर. हॉल बाहेरच्यांना साखरपुड्यासाठी भाड्यानं द्यायला लागलात की ही सवलत गेली. कमिटीच्या सभेत हा मुद्दा भाड्याची रक्कम ठरवण्याआधी निघायला हवा.

स्वतःची इलेक्ट्रिक गाडी घरच्या मीटरवर चार्ज केली तर घरचाच दर. सार्वजनिक चार्जिंग केंद्राचा गट वेगळा.

कागदपत्रं

ताजं बिल, आणि थकबाकी शून्य. मागची रक्कम अडकलेली असेल तर अर्ज पुढं सरकणार नाही.

आधार किंवा पॅन. जागेचा पुरावा: इंडेक्स टू, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र, किंवा सिडको/एमआयडीसीचं वाटपपत्र आणि ताबा पावती. भाडेकरू असाल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि मालकाचं ना-हरकत पत्र.

वापराचा पुरावा: गुमास्ता नोंदणी किंवा मोजकेच कामगार असतील तर त्याची ऑनलाइन सूचना-पावती, उद्यम नोंदणी, कारखाना परवाना, दवाखान्याची नोंदणी, अन्नपदार्थ असतील तर अन्न परवाना, यातलं जे लागू असेल ते. सगळेच जोडायची गरज नाही. भार वाढत असेल किंवा वायरिंग बदललं असेल तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट.

मीटर अजून बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असेल (सिडकोच्या जुन्या घरांत हे सर्रास आढळतं) तर आधी नावबदल उरकून घ्या. दोन्ही अर्ज एकदम टाकले की एक दुसऱ्यासाठी थांबून राहतो.

अर्ज

महावितरणच्या ग्राहक पोर्टलवरून किंवा उपविभागीय कार्यालयात. उपविभाग कुठला ते बिलावरच छापलेलं असतं. ठाणे आणि वाशी मंडळ हे दोन्ही भांडुप परिमंडळात येतात. कळवा, मुंब्रा, शीळ भागात २०२० पासून टोरंट पॉवर फ्रँचायझी आहे, अर्ज त्यांच्याकडे. दर मात्र महावितरणचेच. ऐरोलीतल्या माइंडस्पेस आणि गिगाप्लेक्स या आयटी सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रांत) वितरणाचा परवानाच वेगळा आहे, तिथल्यांनी आपल्या परवानाधारकाकडे जावं.

अर्जात सगळ्यात जपून भरायचा रकाना वापराच्या हेतूचा. ‘व्यवसाय’ असा एक शब्द टाकलात तर व्यावसायिक गट आयता ओढवून घ्याल. त्याऐवजी असं लिहा: ‘पिठाची गिरणी, ७.५ अश्वशक्तीची एक मोटर, धान्य दळून देणे, किराणा विक्री नाही.’ किंवा ‘एका डॉक्टरचा बाह्यरुग्ण दवाखाना, औषधविक्री नाही.’ गाळ्यात एका बाजूला गिरणी आणि दुसऱ्या बाजूला दुकान असेल तर ते लपवू नका. दोन वापरांना दोन जोडण्या मागा, नाहीतर पाहणीत महाग असलेला दर सगळ्या युनिटांना लागायची भीती.

मग स्थळपाहणी. त्या दिवशी शक्यतो स्वतः हजर राहा. अभियंता उपकरणांची यादी करतो, मीटर वाचतो आणि अहवालावर तुमची सही घेतो. सही करण्याआधी ‘वापर’ या शब्दापुढं काय लिहिलंय ते वाचा. पटलं नाही तर ‘मान्य नाही’ असं लिहून सही करा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढं ग्राहक तक्रार निवारण मंचासमोर गेलात तर हाच कागद उघडला जातो.

पाहणी मान्य झाली की भाराच्या फरकाचं किंवा ठेवीचं कोटेशन येतं. २०२१ च्या वीज पुरवठा संहितेनुसार सुरक्षा ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी असते, त्यामुळे महागड्या गटात जाताना ठेव वाढणार हे धरून चला. पैसे भरल्यानंतर येणारं बिल हातात पडलं की आधी दर संकेत बघा. अर्ज मंजूर झाला पण संगणकात जुनाच संकेत राहिला, असंही होतं.

अर्ज न करता वापर बदलला तर

घरगुती मीटरवर पार्लर उघडलं आणि भरारी पथक आलं, तर वीज कायद्याचं कलम १२६ लागतं. मंजूर हेतू सोडून दुसऱ्या हेतूनं वीज वापरणं हा ‘अनधिकृत वापर’, आकारणी लागू दराच्या दुप्पट. किती काळापासून ते सांगता आलं नाही तर तपासणीआधीचे १२ महिने धरतात. आधी तात्पुरता आदेश येतो, त्यावर हरकत घेता येते, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अंतिम आदेश द्यायचा असतो. अंतिम आदेशानंतर अपील करायलाही ३० दिवसच, आणि निम्मी रक्कम आधी भरावी लागते. भाडेकरूच्या उद्योगाचं हे बिल येतं मालकाच्या ग्राहक क्रमांकावर. भाडेकरारात ‘वापर बदलल्यास वीज दंड भाडेकरूचा’ असं एक वाक्य असावं.

चूक कंपनीची असेल तर

वापर तोच, पण कुणीतरी ऑडिटमध्ये बोट ठेवलं म्हणून गट बदलला आणि मागच्या काही वर्षांचा फरक बिलात आला, असे प्रकार घडतात. आयोगानं ११ फेब्रुवारी २००३ च्या आदेशात (केस क्रमांक २४, सन २००१) अशा अचानक फेरवर्गीकरणावरून मागच्या काळाची वसुली करता येणार नाही असं म्हटलं आहे, लेखापरीक्षकानं दाखवून दिलं असलं तरी. तक्रारीत या आदेशाचा उल्लेख जरूर करा. उलट तुमच्याकडूनच जादा दरानं पैसे घेतले गेले असतील तर कलम ६२(६) प्रमाणे जादा रक्कम बँक दराच्या व्याजासह परत मागता येते.

आधी उपविभागात लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घ्या. तोडगा निघाला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, भांडुप. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. मंचाचा निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे, मुंबईत. कलम १२६ ची प्रकरणं मंच ऐकत नाही, त्यासाठी कलम १२७ चं अपील. दोन वाटांची गल्लत करून मुदत घालवणारे ग्राहक पुष्कळ.

आणि तुमचा वापर कुठल्याच गटात नीट बसत नसेल, तर उपविभागातला अभियंता त्यावर काही करू शकत नाही. ते आयोगापुढं मांडावं लागतं. महावितरणची दरयाचिका आली की आयोग लेखी हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. नवी मुंबईतली सुनावणी याआधी बेलापूरच्या सिडको भवनात झालेली आहे. हरकतीत ‘दर कमी करा’ एवढंच न लिहिता मंजूर भार, बारा महिन्यांचे युनिट आणि वापराच्या वेळा मांडा. कलम ६२(३) मध्ये गट पाडायला जे निकष दिलेत, ते याच आकड्यांतून दाखवता येतात.