आय-सेव्हन आहे, मग हळू का? लॅपटॉपच्या वेगाचे आकडे वाचण्याआधी

ग्राहकांस सप्रेम नमस्कार.

"ह्यो आय-सेव्हन आसा, मगे इतको स्लो कित्याक?" हा प्रश्न मालवणच्या आमच्या काउंटरवर सतत येतो. हल्ली त्याच्या जोडीला दुसरा आला आहे: "व्हिडिओत ह्याच प्रोसेसरला एवढा स्कोअर (वेग मोजणाऱ्या चाचणीचा आकडा) दाखवतात, माझ्याकडे निम्माच येतो. पीस फॉल्टी आहे का?" आणि तिसरा कॉलेजच्या मुलांचा: "ओव्हरक्लॉक करून द्याल का?", म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवाल का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण गर्दीच्या वेळी उभ्याउभ्या उत्तर दिलं की अर्धंच पोचतं. देवगड-वेंगुर्ल्याहून लॅपटॉप पाठीला लावून एसटीने येणाऱ्यांची फुकटची फेरी वाचावी, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवलं आहे.

नुसतं 'आय-सेव्हन' सांगू नका, पूर्ण क्रमांक सांगा

गणपतीत किंवा शिमग्याला चाकरमानी मंडळी घरच्या मुलांसाठी मुंबईहून रिफर्बिश्ड लॅपटॉप आणतात. त्यावर इंटेलच्या आय-सेव्हन प्रोसेसरचा स्टिकर असतो आणि घरात सगळे खूश असतात. पण पेटीवर 'देवगड हापूस' छापलंय म्हणून आपण पेटी न उघडता पैसे मोजत नाही, तसंच या स्टिकरचं आहे. आत काय आहे ते पुढचा क्रमांक सांगतो.

उदाहरण घ्या. कोअर आय-७ ७५००यू हा २०१६ चा प्रोसेसर. त्यात कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, दोनच. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, कोअर आय-५ ८२५०यू आला, त्यात चार कोअर. म्हणजे 'खालचा' आय-फाइव्ह एका वर्षात 'वरच्या' आय-सेव्हनच्या पुढे गेला. २०२२ च्या कोअर आय-३ १२१५यू मध्ये दोन मोठे आणि चार छोटे असे सहा कोअर आहेत, आणि तो ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. हा आय-थ्री त्या जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. सगळे कोअर कामाला लावणाऱ्या चाचणीत तर आकडा दुपटीच्याही वर जातो. त्या जुन्या, सातव्या पिढीच्या आय-सेव्हनची आणखी एक अडचण म्हणजे विंडोज ११ च्या यादीत, थोडे अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच प्रोसेसर आहेत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेचं काम, टॅली, जीएसटी भरणा ज्यांचा लॅपटॉपवर चालतो त्यांनी सातव्या पिढीचं मशीन आज स्वस्त मिळालं तरी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नवं म्हणजे वेगवान, असंही नाही. एएमडी रायझन ५ ७५२०यू हा २०२२ चा. नाव सात हजारांतलं, पण गाभा, म्हणजे आतली मूळ रचना, झेन २ या जुन्या पिढीची आणि कोअर चार. त्याच्या आदल्या वर्षीचा रायझन ५ ५५००यू सहा कोअरचा, गाभा तोच. व्हिडिओ एडिटिंगसारख्या कामात ५५००यू पुढे राहतो. रायझनच्या ७००० मालिकेत क्रमांकातला तिसरा अंक गाभा सांगतो: २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. एवढं पाठ केलंत तर ऑनलाइन सेलमध्ये निम्मी फसगत टळेल. तसंच इंटेलचा एन१०० हा २०२३ चा, चार छोट्या कोअरचा, ६ वॅटचा प्रोसेसर. होमस्टेच्या बुकिंगला, बिलिंगला, मुलांच्या ऑनलाइन क्लासला छान. त्याच्याकडून ऑटोकॅडची अपेक्षा ठेवू नका.

एक चूक, जिच्यात तुमचाही दिवस जातो आणि आमचाही

आता मुख्य मुद्दा. स्कोअर कमी आला म्हणून आमच्याकडे येणारे बहुतेक लॅपटॉप बिघडलेले नसतात, चाचणी चुकीची झालेली असते. आणि ते सिद्ध करायला आम्हाला तोच लॅपटॉप नीट लावून पुन्हा चालवावा लागतो.

पहिली गोष्ट चार्जरची. बॅटरीवर असताना बरेच लॅपटॉप प्रोसेसरला कमी वीज देतात. चार्जिंग चालू असलं तरी चार्जर कोणता आहे ते पाहा. टाइप-सीमुळे हल्ली लोक मोबाईलचाच चार्जर लॅपटॉपला लावतात. मशीनला ६५ वॅट हवे असताना ३० वॅटचा चार्जर लावला तर मशीन चालतं, पण मरगळून. काही लॅपटॉप तर चार्जर ओळखता आला नाही की प्रोसेसरला ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपासच बांधून ठेवतात. हे घरी तपासता येतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. एखादं जड काम चालू करून 'स्पीड'चा आकडा बघा. काम चालू असूनही तो ०.७९ वगैरे दाखवत चिकटून बसला असेल, तर सगळ्यात आधी चार्जर बदला. (व्होल्टेज कमी म्हणून स्कोअर कमी, असं पुष्कळ जण म्हणतात. ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तेवढ्यात तो आपलं काम बरोबर करतो. विजांच्या दिवसांत मात्र लॅपटॉप प्लगला लावून ठेवू नका, तो विषय वेगळा आणि खर्चाचा आहे.)

दुसरी, चाचणीची आवृत्ती. सिनेबेंच आणि गीकबेंच ही वेग मोजणारी सॉफ्टवेअर. सिनेबेंच आर२३ आणि सिनेबेंच २०२४ हे एकाच कंपनीचे, पण आकडे वेगळ्या मापाचे. क्रमांकाच्या शेवटी यू असलेल्या साध्या प्रोसेसरचा आर२३ मधला मल्टिकोअर आकडा हजारांत येतो, २०२४ मधला शेकड्यांत. गीकबेंच ५ आणि ६ चंही तसंच. व्हिडिओत आर२३ आणि तुमच्याकडे २०२४, मग आकडा जुळणार कसा? त्यातही सिंगल कोअरचा (एकच कोअर चालवून आलेला) आकडा सिंगलशी आणि मल्टिकोअरचा मल्टिकोअरशीच ताडून पाहायचा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती कोणी लक्षात घेत नाही: चाचणी किती वेळ चालली. आय-३ १२१५यू काय किंवा आय-५ १२३५यू काय, दोघांची मूळ वीज १५ वॅट, पण थोड्या वेळापुरती ५५ वॅटपर्यंत जाऊ शकते. हा थोडा वेळ किती आणि नंतर वीज कितीवर आणायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, तिने आत किती मोठा पंखा आणि किती तांबं घातलंय त्यावर. म्हणून एकच प्रोसेसर दोन वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये दोन आकडे देतो, आणि दोन्ही बरोबर असतात. गीकबेंचच्या चाचण्या छोट्या आणि मध्ये विसावा घेणाऱ्या, त्यात मशीन फारसं तापतच नाही. सिनेबेंच आर२३ त्याच्या मूळ सेटिंगनुसार किमान दहा मिनिटं सलग चालतो. पहिल्या फेरीचा आकडा आणि दहाव्या मिनिटाचा आकडा यांत जेवढी तफावत, तेवढी तुमच्या मशीनची कुलिंग कमी पडते. लग्नाचा व्हिडिओ रेंडर करणाऱ्याने दहाव्या मिनिटाचा आकडा पाहावा. मेल आणि एक्सेल करणाऱ्याला पहिला पुरे.

त्यात आपली हवा. व्हिडिओ करणारे बहुतेक एसी खोलीत बसून मोजतात. मे महिन्यात तुमच्या पडवीत ३३-३४ अंश असताना एसी खोलीपेक्षा जास्त असलेले ते आठ-दहा अंश प्रोसेसरच्या तापमानातही चढतात. बहुतेक इंटेल लॅपटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःहून वेग उतरवतात. तो बिघाड नव्हे, प्रोसेसर स्वतःला जपतो आहे. गादीवर ठेवून मोजलंत तर खालची जाळी झाकली जाते आणि आकडा आणखी पडतो.

म्हणून आमच्याकडे विकत घेतलेला किंवा दुरुस्तीला दिलेला प्रत्येक लॅपटॉप मूळ चार्जरवर, टेबलावर, पंख्याखाली, विंडोजचे अपडेट संपवून, विंडोजचा पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर लावून दहा मिनिटांच्या चाचणीतून जातो. पहिला आकडा, शेवटचा आकडा आणि चढलेलं तापमान बिलाच्या मागे लिहून मिळतं. "पाच मिनिटांत बघून द्या" याला आम्ही नाही म्हणतो, त्याचं कारण हेच. तो कागद जपून ठेवा. दोन वर्षांनी मशीन मंदावलं असं वाटलं तर ताडून पाहायला व्हिडिओतला परका आकडा लागणार नाही, तुमच्याच मशीनचा जुना आकडा हाताशी असेल.

ओव्हरक्लॉकिंग

क्रमांकाच्या शेवटी यू, पी किंवा साधं एच अक्षर असलेल्या इंटेल प्रोसेसरचं मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, कुलूपबंद असतं. लॅपटॉपमध्ये ते उघडं मिळतं ते एचके आणि एचएक्सच्या जड गेमिंग मशीनमध्ये. म्हणजे दहापैकी नऊ जणांना आम्ही ओव्हरक्लॉक करून देऊ म्हटलं तरी करता येणार नाही. उरतं ते वीजमर्यादा वाढवणं. थ्रॉटलस्टॉपसारख्या सॉफ्टवेअरने ते काही मशीनवर होतं. पण वेग वाढवायला व्होल्टेजही वाढतं, आणि प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग थोडासा आणि उष्णता भरपूर, असा तो सौदा.

वेंगुर्ल्याचे एक व्हिडिओग्राफर असंच मशीन घेऊन आले. मर्यादा वाढवलेली, पहिली दोन-तीन मिनिटं रेंडर जोरात, मग वेग आधीपेक्षाही खाली आणि कधी मशीन आपोआप बंद. खालचं झाकण काढलं. पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मधल्या फटीत धुळीचा घट्ट थर बसला होता, जांभ्याच्या मातीने विटकरी झालेला. चिमट्याने टोक धरून ओढला तर अख्खी पट्टी सलग निघाली. किनाऱ्याच्या दमट हवेत धूळ अशीच चिकटून बसते, नुसत्या ब्लोअरने ती निघत नाही. प्रोसेसरवरची पेस्ट (त्याची उष्णता तांब्याकडे नेणारा लेप) वाळून भेगाळलेली होती. साफसफाई केली, पेस्ट बदलली, वीजमर्यादा कंपनीच्या मूळ आकड्यावर परत आणली. आता रेंडर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका वेगाने चालतो, आणि अख्खं काम आधीपेक्षा लवकर उरकतं.

अंडरव्होल्टिंगची, म्हणजे व्होल्टेज थोडं उतरवण्याची युक्ती खरोखर चांगली होती. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षा त्रुटी जाहीर झाल्यावर कंपन्यांनी बायोसचे (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट देऊन बऱ्याच लॅपटॉपवर ती वाट बंद केली. ती उघडण्यासाठी जुनं बायोस टाकून द्या असा आग्रह करू नका. आम्ही ते करणार नाही, टाकताना बायोस बिघडलं तर मदरबोर्डच जातो. ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनची वॉरंटीही नाकारली जाऊ शकते.

मग वेग हवा असेल तर?

आधी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क. आठव्या पिढीचा आय-५ आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर नवा लॅपटॉप घेऊच नका, एसएसडी आणि रॅम टाकून तो आणखी काही वर्षं सुखाने चालेल. हे आम्ही विक्री सोडून सांगतो. मग रॅमची दुसरी पट्टी. १२३५यू सारख्या प्रोसेसरमध्ये आयरिस एक्सई ग्राफिक्स लिहिलेलं असतं, पण रॅमची एकच पट्टी असेल तर विंडोज तिथे यूएचडी, म्हणजे इंटेलच्या साध्या ग्राफिक्सचं नाव, दाखवतं. "आम्हाला फसवलं" म्हणून लोक भांडायला येतात. दुसऱ्या स्लॉटमध्ये जोडीची पट्टी बसली की नाव आणि ग्राफिक्सचा वेग दोन्ही सुधारतात. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डकवलेली असते आणि स्लॉट नसतो, म्हणून घेण्याआधी विचारा. आणि वर्षातून एकदा, शक्यतो पाऊस सरल्यावर, साफसफाई. खारी हवा घरात येते त्यांनी नवरात्राच्या सुमारास उघडून घ्यावं. रॅम, एसएसडी, सफाई आणि पेस्ट यांचे दर काउंटरमागे लावलेले आहेत.

येताना लॅपटॉपबरोबर त्याचा मूळ चार्जर आणा. तुम्ही घरी चाचणी केली असेल तर तिचं नाव, आवृत्ती आणि आकडा यांचा स्क्रीनशॉट मोबाईलवर ठेवा. पासवर्ड लिहून देऊ नका, चाचणीसाठी वेगळं युजर खातं उघडून द्या किंवा आमच्यासमोर उघडा. तपासणीला मशीन सकाळी दिलंत तर संध्याकाळच्या एसटीने परत नेता येतं. फक्त गणपतीच्या आधीचे आठ दिवस सोडून, कारण तेव्हा मुंबईहून आलेली मशीन्स रांगेत असतात आणि दोन दिवस लागतात.